रब्बींचा नातू, कुरआनचा भाष्यकार

मुहम्मद असद यांची ‘द रोड टू मक्का’ आणि ‘द मेसेज ऑफ द कुरआन’ ही पुस्तके आपल्यापैकी अनेकांनी वाचली असतील. नावावरून ते अरब असावेत असे वाटते. पण त्यांचे मूळ नाव लिओपोल्ड वाइस. १९०० साली लेंबर्ग (आजचे युक्रेनमधील ल्विव्ह) येथे एका यहुदी घरात त्यांचा जन्म झाला. आजोबा रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू होते. वडील वकील झाले, तरी मुलाला त्यांनी धर्माचे शिक्षण नीट दिले. तेरा वर्षांचे होईपर्यंत लिओपोल्ड अस्खलित हिब्रू वाचू लागले. हिब्रू आणि अरबी एकाच कुळातल्या भाषा. पुढे कुरआनचे शब्द उलगडताना घरातला हा पाया त्यांच्या कामी आला.

तरुणपणी ते पत्रकार म्हणून अरब देशांत फिरले. १९२६ साली बर्लिनमध्ये, सूरह तकासुर वाचल्यावर, त्यांनी इस्लाम स्वीकारला. वडिलांना तसे पत्र लिहिले. उत्तर आले नाही. काही महिन्यांनी बहिणीचे पत्र आले, की अब्बांच्या लेखी तू आता मेलेला आहेस.

असद यांनी पुन्हा लिहिले: धर्म बदलला, पण तुमच्यावरचे प्रेम तेच आहे, उलट इस्लाम मला आईवडिलांचा मान राखायलाच सांगतो. नऊ वर्षे अशीच गेली. अखेर १९३५ मध्ये वडिलांनी मुलाची भूमिका समजून घेतली आणि पत्रव्यवहार सुरू झाला.

तोवर असद हिंदुस्थानात आले होते. अल्लामा इक्बाल यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला होता. १९३९ मध्ये महायुद्ध पेटले आणि इंग्रजांनी त्यांना ‘शत्रूदेशाचा नागरिक’ म्हणून १९४५ पर्यंत स्थानबद्ध ठेवले. तिकडे १९४२ मध्ये नाझींनी त्यांच्या वडिलांना आणि बहिणीला व्हिएन्नाहून छळछावणीत नेले. दोघेही तिथेच मरण पावले. ज्या राजवटीचा माणूस समजून मुलाला इथे कैदेत ठेवले, तिनेच तिकडे बापाचा जीव घेतला. बापलेकांची भेट पुन्हा झालीच नाही.

असद यांनी आपले यहुदी घराणे कधी लपवले नाही. आत्मकथनात आजोबा आणि वडील यांच्याबद्दल त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. उम्मुल मोमिनीन हजरत सफिया (रजि.) यांनाही कोणी यहुदी म्हणून हिणवले, तेव्हा त्यांचे नाते हजरत हारून आणि हजरत मूसा (अलै.) यांच्याशी असल्याचे सांगून हुजूर (स.) यांनी त्यांचा मान वाढवला होता.

सूरह लुकमानची शिकवण स्पष्ट आहे: आईवडील शिर्क करायला सांगत असतील तर ते ऐकू नका, पण दुनियेत त्यांच्याशी भलेपणानेच वागा. आपण मात्र लग्न, जमीन, जमात अशा कितीतरी लहान कारणांवरून वर्षानुवर्षे अबोला धरतो. उत्तर येत नसतानाही मुलाने नाते तुटू दिले नाही, म्हणून अखेरची सात वर्षे तरी त्या बापलेकांच्या वाट्याला आली. आपल्या घरातले असे एखादे पत्र, एखादा फोन राहून गेला असेल, तर तो आजच करावा.