अक्षर दिसले पाहिजे

मंडळी, शाळेतला फळा जुना होऊन पांढुरका पडला म्हणजे काय होते, हे गुरुजींना सांगायला नको. खडू तोच, अक्षर तेच. पण मागच्या बाकावरची मुले डोळे बारीक करू लागतात. आपण मुलांना रागावत नाही, फळा काळा करून घेतो.

मोबाइलच्या पडद्यावर आज हेच घडते आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, सारे आता वेब-अॅप्लिकेशनमधून मिळते. ते तयार करणारा सावलीत बसून पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे योजतो. त्याला ती सुबक वाटतात. पण भर दुपारी बांधावर उभ्या असलेल्या, मोतीबिंदू होऊ लागलेल्या आजोबांना अर्जाची शेवटची तारीख दिसतच नाही. तारीख चुकली, की दोष मात्र त्यांच्याच माथी!

तर मग, अक्षर पुरेसे उठून दिसते की नाही हे कोणी ठरवायचे? डोळ्याने नव्हे, मापाने. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेच्या २००८ सालच्या नियमावलीत हे माप दिले आहे. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर फरक २१ पट. दोन्ही रंग एकच असतील तर १. साध्या मजकुराला निदान ४.५ पट फरक हवा. १८ पॉइंट किंवा त्याहून मोठ्या, अथवा १४ पॉइंटच्या ठळक अक्षरांना ३ पट चालतो. २०१८ च्या आवृत्तीत बटणे आणि अर्जातले रकाने ओळखू येण्यासाठीही ३ पटीची अट आली.

हिशेब कसा होतो, तेही पाहू. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन उजेडांचा बनतो. प्रत्येकाला ० ते २५५ असा आकडा असतो. आकडा दुप्पट केला म्हणून उजेड दुप्पट होत नाही. म्हणून आधी आकड्यावरून खरा उजेड काढावा लागतो. आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत प्रखर वाटतो. म्हणून हिरव्याला ०.७१५२, लालला ०.२१२६ आणि निळ्याला ०.०७२२ असा वाटा देऊन बेरीज करतात. दोन्ही रंगांच्या बेरजेत ०.०५ मिळवायचे आणि मोठ्या संख्येला लहानीने भागायचे. झाले माप! पांढऱ्यावर शुद्ध पिवळे अक्षर लिहाल तर उत्तर येते अवघे १.०७; म्हणजे लिहून न लिहिल्यासारखेच.

हा हिशेब प्रत्येकाने दर वेळी नव्याने मांडायचा म्हटला तर चुका होणारच. बाजारात प्रत्येकाने आपापला किलो आणला तर कसे चालेल? म्हणून तो एका कोड-लायब्ररीत ठेवतात. इथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे. एकदा नीट लिहून, तपासून, सर्वांनी वापरायच्या हिशेबांचा संच.

तो उभारताना तीन कामे करावी लागतात. पहिले, वरचे गणित लिहायचे आणि माहीत असलेल्या उत्तरांशी ताडून पाहायचे. पांढऱ्यावर करडा रंग घ्या. तिन्ही आकडे ११८ असतील तर उत्तर ४.५४, म्हणजे पास. ११९ केले की ४.४८, म्हणजे नापास. इथे "जवळजवळ साडेचारच की!" म्हणून पूर्ण करून घ्यायचे नाही, मापात मुरवत नसते. अर्धपारदर्शक रंग असेल तर तो मागच्या रंगात मिसळून जे दिसते, तेच मोजायचे.

दुसरे काम म्हणजे रंगांना कामाची नावे देणे: मजकूर, पार्श्वभूमी, इशारा. मग जोड्या ठरतात आणि कोणी मनाला येईल तो रंग वापरत नाही. तिसरे काम राखणदारीचे. कोणताही बदल लोकांपर्यंत जाण्याआधी लायब्ररीने सगळ्या जोड्या मोजाव्यात. एक जरी उणी भरली तर काम तिथेच अडवावे.

एवढ्याने सारे साधते असे मात्र नाही. काहींना लाल-हिरव्यातला भेद कळत नाही. म्हणून चूक नुसती लाल न करता "तारीख राहिली" असे शब्दांत लिहावे. शिवाय आपल्या लिपीत "शेतात" आणि "शेतांत" यांतला फरक एका टिंबाचा. तेव्हा ४.५ ही किमान मर्यादा समजावी. मराठी मजकुराला त्याहून जास्त द्यावे.

दिव्यांगांना माहिती सुगम स्वरूपात मिळावी, हे २०१६ च्या कायद्यानेही सांगितले आहे. संगणक शिकवणाऱ्या गुरुजींनी हा हिशेब मुलांकडून जरूर मांडून घ्यावा. आणि तुम्ही आम्ही? मोबाइल घेऊन उन्हात उभे राहावे. अक्षर दिसले नाही, तर आपल्या डोळ्यांना बोल लावण्याआधी विचारावे: फळा काळा करायचा कोणी राहिला आहे?