नदींतील औषध वेचणारे मणी

नागपुराचें सांडपाणी पोटांत घेऊन नाग नदी कन्हानेस मिळते आणि कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेस. पुढें भंडारा जिल्ह्यांत गोसेखुर्दच्या धरणामुळें हें पाणी तुंबून राहतें. माणसानें घेतलेलें औषध शरीरांत सर्वच खर्ची पडत नाहीं. कांहीं अंश मूत्रावाटें जसाच्या तसा बाहेर पडतो. तेव्हां शहराच्या गोळ्या आपल्या घागरींत उतरतात काय, अशी शंका नदीकांठच्या गृहिणीनें घेतली, तर ती वावगी म्हणतां येणार नाहीं.

शंकेचें निरसन मात्र सोपें नाहीं. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी ५० कोटी लिटर पाण्यांत विरघळविली, तर लिटरामागें एक नॅनोग्रॅम औषध येतें. गाळ, साबण आणि कुजल्या पाल्याचा अर्क यांच्या गर्दींत इतका सूक्ष्म अंश उत्तम यंत्रासहि सहसा गवसत नाहीं. म्हणून मोजण्यापूर्वीं तो वेचून गोळा करावा लागतो.

हें काम पॉलिमरचे सच्छिद्र मणी करतात. मणी केसाहूनहि बारीक. पण छिद्रांमुळें एक ग्रॅम मण्यांचा पृष्ठभाग कित्येकशें चौरस मीटर भरतो. पूर्वीं सिलिकाचे कण वापरीत. ते मधेंच सुकले कीं औषध निसटे. १९९६ सालीं बाजारांत आलेल्या मण्यांत दोन स्वभावांची सांगड घातलेली आहे: डायव्हिनिलबेन्झीन तेलकट रेणूंस धरतें, तर व्हिनिलपायरोलिडोन पाण्याशीं सलगी राखतें.

सांधेदुखीवरील डायक्लोफिनॅक घ्या. तें आम्लधर्मी असल्यामुळें नदीच्या पाण्यांत त्याचा रेणु विद्युद्भारित असतो आणि पाणी सोडावयास नाखूष असतो. पाण्यांत किंचित् आम्ल मिसळलें कीं भार जातो व रेणु मण्यास चिकटतो. अर्धा लिटर पाणी मण्यांतून सावकाश गाळतात, मणी धुतात, मग थोड्या मेथॅनॉलानें औषध सोडवून घेतात आणि आटवून अर्धा मिलिलिटर करतात. हजारपटीनें दाट! वाटेंत कांहीं गळतेंच. म्हणून त्याच औषधाचे जड हायड्रोजनाची खूण केलेले रेणु मोजून आधींच पाण्यांत घालतात. शेवटीं त्यांतले किती उरले यावरून गळतीचा हिशेब लागतो. मुनिमासहि शोभावी अशी ही युक्ति!

रक्त अगर मांस तपासावयाचें असल्यास प्रथिनें आधीं सांकळवून काढावीं लागतात, नाहींतर मणी तुंबतात. ही तपासणी केवळ पंडितांची हौस नव्हे. पाकिस्तानांतील मृत गिधाडांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफिनॅक सांपडल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें आणि २००६ सालीं भारतानें गुरांसाठीं त्याच्या उत्पादनास बंदी केली.

तथापि सर्वच औषधें या मण्यांच्या हातीं लागत नाहींत. मधुमेहावर घरोघर घेतलें जाणारें मेटफॉर्मिन मूत्रांत जवळजवळ न बदलतां उतरतें. पण त्याची पाण्याशीं एवढी गट्टी कीं साध्या मण्यांतून तें बहुतेक निसटून जातें. त्यासाठीं ऋणभार असलेले निराळे मणी घ्यावे लागतात.