कार्बन नायट्राइड संमिश्रे

कार्बन नायट्राइड संमिश्रे ही ग्रॅफाइटसदृश कार्बन नायट्राइड या अर्धसंवाहक बहुवारिकाची दुसऱ्या पदार्थाशी सांगड घालून तयार केलेली द्रव्ये होत. प्रकाशाच्या ऊर्जेने रासायनिक विक्रिया घडवून आणण्यासाठी, म्हणजेच प्रकाश-उत्प्रेरणासाठी, ती वापरतात. पाण्यापासून हायड्रोजन मिळवणे आणि सांडपाण्यातील सेंद्रिय प्रदूषकांचे विघटन करणे ही त्यांची प्रमुख उपयोगक्षेत्रे आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यासारख्या साखर उद्योगाच्या प्रदेशात आसवन्यांच्या गडद सांडपाण्याचा प्रश्न असल्याने दुसऱ्या उपयोगाकडे विशेष लक्ष जाते. मात्र प्रयोगशाळेतील यश आणि प्रत्यक्ष सांडपाण्यावरील परिणाम यांत मोठे अंतर आहे.

इतिहास

या वर्गातील संयुगांचा अभ्यास १८३४ पासून सुरू झाला. त्या वर्षी युस्टुस फॉन लीबिग यांनी 'मेलॉन' या पिवळसर, अविद्राव्य पदार्थाचे वर्णन केले. त्याच्या रचनेचे कोडे मात्र शंभर वर्षे सुटले नाही. १९३७ मध्ये लिनस पॉलिंग व स्टर्डिव्हंट यांनी तीन जोडवलयांचा एकक सुचविला. आज तो हेप्टाझिन या नावाने ओळखला जातो.

प्रकाश-उत्प्रेरणाच्या संशोधनाला १९७२ मध्ये जपानमधील फुजिशिमा व होंडा यांच्या टायटॅनियम डायऑक्साइडवरील प्रयोगांनी चालना दिली. २००९ मध्ये शिनचेन वांग, मार्कुस अँटोनिएटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बन नायट्राइडच्या साहाय्याने दृश्य प्रकाशात पाण्यापासून हायड्रोजन मिळवल्याचे प्रसिद्ध केले. धातूविरहित, स्वस्त व स्थिर उत्प्रेरक म्हणून या पदार्थाकडे तेव्हापासून लक्ष वेधले गेले.

रचना व निर्मिती

आदर्श सूत्रात कार्बनच्या ३ अणूंमागे नायट्रोजनचे ४ अणू असतात. हेप्टाझिनचे एकक नायट्रोजनच्या दुव्यांनी जोडले जाऊन थर बनतात व ते ग्रॅफाइटप्रमाणे एकावर एक रचले जातात. प्रत्यक्ष नमुन्यांत काही हायड्रोजनही शिल्लक राहतो.

मेलामाइन, डायसायनडायअमाइड, थायोयुरिया किंवा युरिया झाकणाच्या मुशीत सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यास पिवळी भुकटी मिळते. उसाच्या शेतीत खत म्हणून परिचित असलेला युरियाच येथे कच्चा माल ठरतो. त्यापासून सच्छिद्र व अधिक पृष्ठफळाचा पदार्थ मिळतो. परंतु बराचसा भाग अमोनिया व इतर वायूंच्या रूपाने निघून जात असल्याने उत्पादन कमी येते.

कार्यपद्धती

अर्धसंवाहकावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन संयुजा पट्टातून संवाहन पट्टात जातो व मागे धनभारित पोकळी राहते. दोन पट्टांमधील ऊर्जेच्या फरकास पट्टांतर म्हणतात. टायटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज रूपाचे पट्टांतर सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने तो मुख्यतः जंबुपार प्रकाशच वापरू शकतो. भूपृष्ठावर पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेत त्याचा वाटा ४ ते ५ टक्के असतो. कार्बन नायट्राइडचे पट्टांतर सुमारे २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. त्यामुळे सुमारे ४६० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा, म्हणजे जांभळा व निळा प्रकाशही, उपयोगी पडतो.

इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड हा क्रियाशील घटक तयार करतात, तर पोकळ्या प्रदूषकाचे थेट ऑक्सिडीकरण करू शकतात. परंतु शुद्ध कार्बन नायट्राइडमध्ये इलेक्ट्रॉन व पोकळी लवकर पुन्हा एकत्र येतात आणि शोषलेली ऊर्जा वाया जाते. शिवाय त्यातील पोकळ्यांची ऑक्सिडीकरणक्षमता मर्यादित असते.

संमिश्रांचे प्रकार

दुसऱ्या पदार्थाचे मुख्य काम इलेक्ट्रॉन व पोकळी यांना एकमेकांपासून दूर ठेवणे हे असते. टायटॅनियम डायऑक्साइडशी संयोग केल्यास इलेक्ट्रॉन एका पदार्थात व पोकळ्या दुसऱ्यात साठू शकतात. टंग्स्टन ऑक्साइडबरोबरच्या 'झेड' योजनेत दुर्बल इलेक्ट्रॉन व दुर्बल पोकळ्या जोडावरच एकमेकांना संपवतात. तीव्र क्षपणक्षमतेचे इलेक्ट्रॉन व तीव्र ऑक्सिडीकरणक्षमतेच्या पोकळ्या कामासाठी उरतात. ग्राफीन इलेक्ट्रॉनांना वाट देते, तर प्लॅटिनमचे सूक्ष्म कण हायड्रोजन तयार होण्यास मदत करतात. चुंबकीय लोह ऑक्साइड मिसळल्यास वापरलेली भुकटी चुंबकाने परत गोळा करता येते. दोन भुकट्या नुसत्या मिसळून हे साधत नाही. त्यांच्यातील जोड घट्ट असावा लागतो.

आसवनीच्या सांडपाण्याचा प्रश्न

विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरानगर येथे उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. पुढे जिल्ह्यात असे अनेक कारखाने निघाले व मळीपासून अल्कोहोल बनवणाऱ्या आसवन्याही आल्या. १ लिटर अल्कोहोलमागे साधारणतः ८ ते १५ लिटर सांडपाणी उरते. त्यास स्पेंट वॉश म्हणतात. साखर व अमिनो घटकांच्या विक्रियेतून बनलेल्या मेलॅनॉइडिन या द्रव्यांमुळे त्याला तपकिरी रंग येतो. जिवाणूंद्वारे बायोगॅस काढून घेतल्यावरही हा रंग बराचसा टिकतो. असे पाणी ओढ्यात वा विहिरीत झिरपल्यास ते पिण्यास व शेतीस निरुपयोगी होते.

पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात ऊन मुबलक असल्याने सूर्यप्रकाशावर चालणारा उपाय आकर्षक वाटतो. परंतु गडद सांडपाण्यात प्रकाश पृष्ठभागालगतच्या पातळ थरातच शोषला जातो आणि खाली असलेला उत्प्रेरक अंधारात राहतो. त्यामुळे ही पद्धत बायोगॅस प्रक्रियेला पर्याय ठरत नाही. पूर्वप्रक्रिया होऊन फिकट झालेल्या पाण्यासाठी अंतिम टप्पा म्हणूनच तिचा विचार करणे सयुक्तिक ठरते.

मर्यादा

संमिश्रांची चाचणी बहुधा मिथिलीन ब्ल्यू या रंगाच्या विरल द्रावणावर घेतात. हा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो व भुकटीच्या पृष्ठभागावर चिकटूही शकतो. म्हणून आधी अंधारात ढवळून अधिशोषण मोजणे आणि उत्प्रेरकाविना प्रकाशात ठेवलेल्या द्रावणाशी तुलना करणे आवश्यक असते. रंग नाहीसा होणे म्हणजे प्रदूषक नष्ट होणे नव्हे. रेणू तुटून रंगहीन परंतु अपायकारक द्रव्ये उरू शकतात. एकूण सेंद्रिय कार्बन घटला तरच विघटन पूर्णत्वाकडे गेले असे म्हणता येते.

हायड्रोजनच्या प्रयोगांतही पोकळ्या खर्ची पाडण्यासाठी बहुधा ट्रायइथॅनॉलअमाइनसारखे द्रव्य पाण्यात मिसळतात. असा हायड्रोजन केवळ पाणी व सूर्यप्रकाश यांपासून मिळाला असे म्हणता येत नाही. भुकटी पाण्यातून वेगळी करणे, वारंवार वापरात तिची क्षमता टिकवणे व मोठ्या प्रमाणावर एकसारखे संमिश्र बनवणे हे प्रश्न व्यावहारिक वापरापूर्वी सुटणे आवश्यक आहे.