बघून शिकणारे, ऐकून शिकणारे आणि परीक्षेचा पेपर

‘मला पुस्तक वाचून काही समजत नाही, व्हिडिओ पाहिला की लगेच कळतं,’ असं सांगणारे विद्यार्थी बीबीए-एमबीएच्या कुठल्याही वर्गात भेटतात. बघून, ऐकून, वाचून-लिहून आणि प्रत्यक्ष करून शिकणारे ही विभागणी न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांच्या प्रश्नावलीतून १९९० च्या दशकात जगभर पोहोचली. व्यवस्थापनाच्या शिक्षणात तर अशा प्रश्नावल्या त्याआधीपासून आहेत. अमेरिकेतील डेव्हिड कोल्ब यांनी चार शैली मांडल्या. बिझनेसचे विद्यार्थी प्रत्यक्ष काम करत, प्रसंगानुरूप जुळवून घेत शिकण्याकडे झुकतात, असं त्यांना आढळलं.

आवडी वेगवेगळ्या असतात, यात वाद नाही. प्रश्न असा की, आवडीच्या पद्धतीनं शिकवलं तर जास्त लक्षात राहतं का? तसं असेल, तर ‘बघून शिकणाऱ्यां’ना आकृत्यांचा आणि ‘ऐकून शिकणाऱ्यां’ना व्याख्यानाचा अधिक फायदा व्हायला हवा. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन याच कसोटीवर तपासलं. या समजुतीला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

मग ती इतकी खरी का वाटते? सोपं वाटणं म्हणजे शिकणं, असा आपला समज होतो. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एक उतारा त्यांनी दोनदा वाचला. दुसरा एकदा वाचून, मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवला : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटलं. दोनदा वाचलेला उतारा ४२ टक्केच आठवला, आठवून लिहिलेला ५६ टक्के.

शिक्क्याचा खरा तोटा इथेच आहे. ‘आकडे माझ्या शैलीत बसत नाहीत’ असं एकदा ठरवलं, की विद्यार्थी अकाउंट्स आणि संख्याशास्त्राचा सराव टाळतो आणि पुढे ताळेबंदासमोर अडतो.

पद्धत विद्यार्थ्यावरून नव्हे, विषयावरून ठरवावी. मागणी-पुरवठा समजायला आलेख हवा, वाटाघाटी शिकायला प्रत्यक्ष संवादाचा सराव हवा आणि जमा-नावे शिकायला हातानं नोंदीच कराव्या लागतात. कोल्ब यांच्या मांडणीतही अनुभव, चिंतन, सिद्धान्त आणि प्रयोग हे चारही टप्पे शिकण्यासाठी लागतातच.

अभ्यासाला बसताना तीन गोष्टी कराव्यात. धडा वाचून पुस्तक मिटावं आणि आठवेल ते लिहावं. तोच भाग दोन-चार दिवसांनी पुन्हा आठवून पाहावा. वेगवेगळ्या प्रकारची उदाहरणं मिसळून सोडवावीत. सुरुवातीला हे जड जाईल, चुकाही होतील. पण आठवताना होणारी ही दमछाकच परीक्षेच्या दिवशी उपयोगी पडते.