लव्हाळ्याची दिवटी, तरवडाची माळ

दिवाळीत मराठवाड्यातली गुराखी पोरं तिन्हीसांजेला दिवटी घेऊन दारोदार गायी-म्हशी ओवाळायला निघतात. ही दिवटी घरीच घडते. ओढ्याकाठचा लव्हाळा कापायचा, त्याच्या काड्या एकमेकींत गुंफत नागाच्या फण्यासारखा आकार द्यायचा आणि पणती बसेल एवढी जागा ठेवायची. हिरवी काडी हवी तशी वळते, वाळकी मोडते. हे गणित पोरं मोठ्यांच्या शेजारी बसून शिकतात.

जालना जिल्ह्याचे अंबड, घनसावंगी, परतूर हे तालुके गोदावरीला लागून आहेत, उरलेला बराच भाग कोरडवाहू. पण अशाच मुलखात सणाच्या कलेचं सगळं सामान बांधावर उगवतं. अंगणात शेणाच्या गवळणी मांडताना बायका त्यांच्या डोक्यात कुर्डूचे गुलाबी तुरे खोवतात. बोटभर गवळण त्या एका तुऱ्याने नटते. लक्ष्मीपूजनाला हळद-कुंकू वाहतो ती केरसुणी शिंदीच्या पानांची. ती बांधण्याचं कसब मातंग कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं. पूजेत केरसुणीला मान मिळतो, तसा तो तिच्या कारागिरालाही मिळायला हवा.

त्याआधी नवरात्रात तरवड फुलतो. अंबडच्या मत्स्योदरी देवीची यात्रा भरते तेव्हा माळरानावर ही पिवळी झुडपं डोळ्यांत भरतात. घटावर रोज चढणाऱ्या माळेत तरवडाचं फूल असतं. याच झुडपाच्या सालीत टॅनिन भरपूर, म्हणून चामडं कमावायलाही ती वापरत. नाजूक माळ आणि राकट चामडं, दोन्ही कामांना एकच झाड!

पळसाचं तर काय सांगावं! पळसाला पाने तीनच, ही म्हण त्याच्या त्रिदळावरूनच आली. ती पानं बारीक काड्यांनी टाचली की पत्रावळ होते, द्रोण होतो. होळीच्या सुमाराला झाड केशरी होतं. पाकळ्या सावलीत वाळवून पाण्यात उकळल्या की रंग उतरतो. सुती कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवलं तर तो अधिक पक्का बसतो. शाळेतल्या मुलांकडून एक रुमाल असा रंगवून घ्यावा. झाडाची ओळख पुस्तकापेक्षा लवकर होते.

मला खरी काळजी वाटते ती झाडांची. बांध नांगरले जातात, तणनाशकाने कुर्डू जळतो, ओढे सरळ केले की लव्हाळा सरतो. वनस्पती गेली की तिच्यासोबत हातातलं कसबही जातं आणि प्लास्टिकचं तोरण ती जागा घेतं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि हे शहर बियाण्यांसाठी देशभर ओळखलं जाऊ लागलं. एवढी बियाण्याची जाण असलेल्या जिल्ह्याने थोडी जागा या रानझाडांनाही द्यावी.

त्याला फार खटपट लागत नाही. दिवाळीनंतर तरवडाच्या शेंगा वाळतील तेव्हा मूठभर बी राखून ठेवा. त्याची साल कठीण असते, म्हणून पेरण्याआधी रात्रभर गरम पाण्यात भिजवा. पळसाच्या चपट्या शेंगा उन्हाळ्याच्या अखेरीस गोळा करा आणि पहिल्या पावसात थेट जमिनीत लावा, कारण त्याचं मूळ खोल जातं. कुंपणाशी दोन तरवड, परसात एक पळस. एवढं येत्या पावसाळ्यात नक्की लावा.