पाझर हवा, गळती नको

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीची कहाणी महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. तिच्यातला एक तपशील मात्र अनेकदा निसटतो. गावात पाझर तलाव होता, पण त्यात पाणी टिकत नव्हते. बांधच गळका होता. 1970 च्या दशकात अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी श्रमदानातून तो दुरुस्त केला आणि खालच्या अंगाच्या सात विहिरींना भर उन्हाळ्यात पाणी लागले. गंमत पाहा, पाझर तलाव बांधतात तो झिरपण्यासाठीच. पाणी जमिनीत मुरले तर पाझर, बांधातून निसटले तर गळती. पाणी दोन्हीकडून जातेच. प्रश्न असतो तो कुठून आणि किती, एवढाच.

हाच फरक ओळखण्याचे काम तिथून शेकडो किलोमीटरवर, चंद्रपूर, वणी, उमरेडकडच्या खुल्या कोळसा खाणींतले फिटर करीत असतात. तिथे पाण्याच्या जागी तेल असते आणि बांधाच्या जागी असतो डंपरच्या स्टिअरिंगचा व्हॉल्व्ह.

अण्णा स्वतः सैन्यात ट्रकचालक होते. त्या जमान्यातल्या ट्रकमध्ये चालकाचे हात आणि पुढची चाके यांच्यामध्ये लोखंडी दांडे असत. वळण घेताना खांदे भरून येत, पण हाताचा जोर थेट चाकाशी पोहोचे. खाणीतल्या बहुतेक मोठ्या डंपरमध्ये हा दुवाच नाही. 60 टन माल नेणारा डंपर भरल्यावर शंभर टनांच्या घरात जातो. त्याची चाके हाताने वळवायची म्हटली तर पैलवानही हात टेकील. म्हणून मध्ये तेल आले. पंप तेलाला दाब देतो आणि ते डावीकडे पाठवायचे की उजवीकडे, हे व्हॉल्व्ह ठरवतो. चालक स्टिअरिंग फिरवतो तेव्हा तो खरे तर एक छोटासा नळ उघडत असतो.

व्हॉल्व्हच्या पोटात गोल दांडी असते आणि तिच्याभोवती चपखल बसणारी नळी. स्टिअरिंग फिरले की दांडी नळीत किंचित फिरते, भोके समोरासमोर येतात आणि तेल सिलिंडरकडे धावते. शेजारचे दातेरी चाक तेल मापून सोडते; जितके स्टिअरिंग, तितकेच वळण. हात थांबला की स्प्रिंग दांडीला जागेवर आणते आणि वाट बंद होते. दांडी आणि नळी यांच्यातली फट असते मोजक्या मायक्रॉनची. आपला केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे ही फट त्याच्या एखाद्या अंशाएवढी! तिच्यातून तेलाचा पातळ थर झिरपतो, म्हणून लोखंडावर लोखंड घासत नाही. हा झाला पाझर. पण तेलात धूळ शिरली, फट झिजली, की तेल सिलिंडरकडे जाण्याऐवजी आतल्या आत टाकीत परतते. बाहेर थेंबही दिसत नाही आणि स्टिअरिंग हळूहळू सैल पडते.

दाबाचा अंदाज घरातल्या कुकरवरून येईल. शिट्टी होताना कुकरमध्ये हवेच्या दाबापेक्षा साधारण 1 बार जादा दाब असतो. डंपरच्या स्टिअरिंगमध्ये तो दीडशे-दोनशे बारपर्यंत चढतो. इथेही शिट्टीसारखीच सोय आहे. रिलीफ व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उघडतो आणि जादा तेल टाकीकडे वळवतो.

तपासणी करायची ती गरम तेलावर. थंड तेल दाट असते, झिजलेल्या फटीतही अडून राहते. सकाळच्या गारव्यात पास झालेला व्हॉल्व्ह चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी नापास होऊ शकतो. गेज लावायचा, चाके एका बाजूला टोकापर्यंत वळवायची आणि स्टिअरिंग तसेच दाबून धरायचे. रिलीफ कोणत्या दाबाला उघडतो ते गेजवर दिसते. चाके टोकाला अडलेली असतानाही स्टिअरिंग हातात फिरतच राहिले, तर समजावे की तेल आतून पळते आहे. मिनिटाला किती फेरे होतात ते मोजायचे आणि कारखान्याने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहायचे.

इथे एक मोह असतो. स्टिअरिंग सैल वाटले की रिलीफचा स्क्रू पिळून दाब वाढवायचा. चार दिवस गाडी बरी चालते. झीज तशीच राहते आणि भार पडतो होज पाइपांवर. मला विचाराल तर गेजच्या आकड्याइतकाच चालकाचा शब्द मोलाचा मानावा. 'आज गाडी उजवीकडे उशिरा वळते,' हे वाक्य त्याने वहीत लिहिले, तर फिटरचे अर्धे काम झाले.

अंगावर काटा आणणारी गोष्ट वेगळीच आहे. बारीक छिद्रातून सुटलेली तेलाची चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते, पण उपचाराला उशीर झाला तर बोट, कधी हातही गमवावा लागतो. म्हणून गळती बोटाने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून पाहायची. चाचणी चालू असताना पुढचे चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये कोणी उभे राहायचे नाही.

आता सर्वांत महत्त्वाची परीक्षा. भरलेला डंपर खाणीच्या चढावर असताना इंजिन बंद पडले, तर पंपही थांबणार. मग चाके वळणार कशावर? त्यासाठी राखीव दाबाची सोय केलेली असते. कुठे बॅटरीवरचा पंप असतो, कुठे नायट्रोजनच्या दाबाखाली तेल साठवणारे अ‍ॅक्युम्युलेटर. त्यात नायट्रोजनच भरायचा. ऑक्सिजन भरला तर तेलाशी गाठ पडून स्फोट होईल. ही राखीव ताकद एरवी कधी वापरातच येत नाही. म्हणून ती मेली तरी कुणाला पत्ता लागत नाही, आणि कामाच्या घाईत तपासणी टळते ती नेमकी हीच.

ती करायला दहा मिनिटेही लागत नाहीत. मोकळी सपाट जागा, चाकांमागे अडसर, केबिनमध्ये एकजण आणि दूर उभा दुसरा. इंजिन बंद करायचे आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे. खाली उभा असलेला चाकांकडे पाहतो, ती कितीदा पूर्ण वळली ते मोजतो आणि आकडा वहीत लिहितो.