विश्लेषण : शाळेतील नोकरी सांभाळून ‘स्पीच थेरपी’त मास्टर्स करता येते? अमेरिकेतील ४०० तासांचे गणित कुठे अडते?

अमेरिकेतील अनेक सरकारी शाळांना पुरेसे स्पीच थेरपिस्ट मिळत नाहीत. त्याच शाळांत मदतनीस किंवा थेरपिस्टच्या सहायक म्हणून काम करणाऱ्यांना हे काम रोज जवळून दिसते. ‘र’ न उच्चारता येणारा पहिलीतील मुलगा, अडखळत बोलणारी चौथीतील मुलगी, टॅबलेटवरील चित्रावर बोट ठेवून पाणी मागणारे मूल. मग आपणच का शिकू नये, असा विचार येतो. ऑनलाइन मास्टर्सच्या जाहिराती तर ‘नोकरी न सोडता शिका’ असेच सांगतात. लेक्चरपुरते ते बरेचसे खरे आहे. प्रत्यक्ष सरावाची वेळ आली की अडचण सुरू होते.

शाळेत थेरपिस्ट कशासाठी?

अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अपंगत्व असलेल्या मुलांना मोफत आणि योग्य शिक्षणाचा हक्क मिळाला. हाच कायदा आज ‘आयडिया’ या नावाने ओळखला जातो आणि ३ ते २१ वर्षे वयोगटाला लागू आहे. त्यातील १३ गटांपैकी वाचा व भाषादोष हा संख्येने दुसऱ्या क्रमांकाचा गट. प्रत्येक मुलासाठी ‘आयईपी’ हा लेखी आराखडा तयार होतो. त्यात आठवड्याला अमुक मिनिटे थेरपी असे लिहिले, की ती देणे शाळेवर बंधनकारक असते. जागा रिकामी आहे, ही सबब चालत नाही.

प्रवेश कोणाला?

या विषयाची पदवी नसली तरी दार बंद नाही. आधी काही पायाभूत विषय पूर्ण करावे लागतात. शिवाय प्रमाणपत्रासाठी जीवशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि सामाजिक शास्त्र यांचे शिक्षण झालेले असावे लागते. अभियांत्रिकी करून अमेरिकेत गेलेल्यांचे यातले निम्मे काम तर आधीच झालेले असते! पूर्णवेळ अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा, अर्धवेळ केल्यास तीन किंवा अधिक.

४०० तास म्हणजे नेमके काय?

‘आशा’ म्हणजे अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन. तिच्या प्रमाणपत्रासाठी ४०० तासांचा क्लिनिकल सराव लागतो. त्यातले २५ तास निरीक्षणाचे, ३७५ तास थेट रुग्णासोबतचे. एकूण तासांपैकी किमान ३२५ मास्टर्स करतानाच पूर्ण व्हावे लागतात.

ऐकायला ४०० तास म्हणजे दहा आठवड्यांचे काम वाटते. पण अहवाल लिहिणे, साहित्य तयार करणे, प्रवास हे काहीच यात धरत नाहीत. दिवसाला चार तास थेट काम मिळाले, तरी ३७५ तासांना ९४ दिवस लागतील. बहुतेक राज्यांत शाळेचे वर्ष सुमारे १८० दिवसांचे असते. म्हणजे निम्म्याहून अधिक वर्ष! सिम्युलेशनचे तास चालतात, पण जास्तीत जास्त ७५.

सहायक म्हणून वर्षानुवर्षे केलेले काम या खात्यावर आपोआप जमा होत नाही. तास सहसा विद्यापीठाच्या सरावाचा भाग असावे लागतात, प्रमाणित थेरपिस्टच्या देखरेखीखाली. ही देखरेख प्रत्येक रुग्णासोबतच्या वेळेच्या किमान २५ टक्के हवी. काही विद्यापीठे एक टप्पा स्वतःच्या शाळेत पूर्ण करू देतात, पण सगळा सराव तिथे उरकत नाही. कारण प्रशिक्षणात लहानांपासून वृद्धांपर्यंतचे रुग्ण अपेक्षित असतात. पक्षाघातानंतर घास गिळता न येणारे आजोबा प्राथमिक शाळेत भेटणार नाहीत. त्यासाठी रुग्णालय किंवा पुनर्वसन केंद्र गाठावे लागते, आणि तेही दिवसा, नेमके शाळेच्या वेळेत.

म्हणूनच नोकरी करणारे बरेच जण उन्हाळी सुट्टीत जमेल तेवढे तास भरतात आणि शेवटच्या सत्रासाठी बिनपगारी रजा घेतात. अर्ज भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : शाळा ती रजा देईल का आणि प्लेसमेंट कोण शोधणार, विद्यापीठ की विद्यार्थी? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘विद्यार्थी’ असेल तर शहराबाहेर राहणाऱ्यांनी दोनदा विचार केलेला बरा.

पदवीनंतर काय?

‘प्रॅक्सिस’ परीक्षेत १०० ते २०० च्या श्रेणीत किमान १६२ गुण हवेत. नंतर १,२६० तासांची, पूर्णवेळ केल्यास ३६ आठवड्यांची क्लिनिकल फेलोशिप. हा टप्पा सहसा पगारी असतो आणि शाळेतही करता येतो. राज्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो.

पैशांचे काय?

२०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ‘ग्रॅड प्लस’ हे सरकारी कर्ज बंद केले. सर्वसाधारण पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी वर्षाला २०,५०० डॉलरची मर्यादा आली. वरची रक्कम बचतीतून किंवा खासगी कर्जातून उभी करायची, तर हातचा पगार सोडणे आणखी कठीण.

एच-४ व्हिसावरील मराठी गृहिणींचे प्रश्न वेगळे. या व्हिसावर शिकता येते, पण हे सरकारी कर्ज मिळत नाही. शाळेतील नोकरी किंवा पगारी फेलोशिपसाठी कामाचा परवाना लागतो आणि तो एच-४ धारकांपैकी काहींनाच मिळतो.

भारतात हा मार्ग आहे का?

जवळजवळ नाही. येथे मास्टर्सआधी ‘बीएएसएलपी’ लागते. बारावी विज्ञाननंतरचा हा इंटर्नशिपसह चार वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तो शिकवला जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत वाचा व भाषादोष आहे. पण ठाण्यातील एखाद्या बी.एड. शिक्षिकेला स्पीच थेरपिस्ट व्हायचे असेल, तर तिला नोकरी सोडून पुन्हा बारावीनंतरच्या पहिल्या वर्षात बसावे लागेल.